मुलाम्याखालचं पोलाद

रोहिणी नक्षत्र संपत आलं की मी दुकानाची पश्चिमेकडची खिडकी लावून घेते. ती उघडते थेट दसऱ्याला. दुकान रत्नागिरीत, मिरकरवाड्याच्या बंदरापासून चालत दहा मिनिटांवर. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढून झाकून ठेवलेल्या, आणि वारा असा की ओठांवरून जीभ फिरवली तर मीठ लागतं. या खिडकीचे लोखंडी गज आप्पांनी त्यांच्या हयातीत तीनदा बदलले. चौथ्यांदा वेळ आली तेव्हा मी सागवानाचे बसवून घेतले.

आमचं काम शस्त्रविक्रीचं आणि दुरुस्तीचं. परवाना आधी आप्पांच्या नावावर होता, ते गेल्यावर रीतसर माझ्या नावावर झाला. गिऱ्हाईक बहुतेक शेतकरी. रानडुकरांपासून भात आणि नाचणी राखायला घेतलेल्या ठासणीच्या आणि बारा बोअरच्या बंदुका, बँकेच्या पहारेकऱ्यांच्या बंदुका, असं सगळं येतं. रिव्हॉल्व्हर वर्षाकाठी आठ-दहा. पण खारा वारा धातूचं नेमकं काय करतो हे मला या आठ-दहांनीच शिकवलं, म्हणून आज त्यांच्याविषयी लिहायला बसले आहे. आणि फक्त बाहेरच्या अंगाविषयी. आतल्या यंत्राचं काम ज्याचं त्याने करावं, ते लिहून शिकवण्यासारखं नाही.

येतात ती सगळी वापरलेलीच. आपल्याकडे खाजगी माणसासाठी परदेशी रिव्हॉल्व्हरची आयात 1980च्या दशकाच्या मध्याला जवळजवळ थांबली. त्यामुळे आज कोणाच्या कपाटात एखादं इंग्लिश किंवा अमेरिकन रिव्हॉल्व्हर असेल तर ते सहसा चाळीस वर्षांहून जुनं असतं, एका परवान्यावरून दुसऱ्यावर, नाहीतर बापाकडून मुलाकडे आलेलं. कानपूरच्या कारखान्याचं .32 बोअरचं रिव्हॉल्व्हर येतं. 2014 साली कानपूरहूनच टायटॅनियमचं ‘निर्भीक’ निघालं, जेमतेम 500 ग्रॅमचं. त्या धातूला आमचा वारा काही करू शकत नाही. पण ज्यांच्यावर माझा खरा जीव आहे ती पांढरी दिसणारी जुनी रिव्हॉल्व्हरं. ती दोन जातींची असतात, आणि सगळे घोटाळे या दोन जाती न ओळखल्याने होतात.

गिऱ्हाईक म्हणतं, “ताई, स्टीलचं आहे, जरा चकचकीत करून द्या.” मी आधी ते रिकामं आहे ना ते बघते. गोळ्या बसतात ते चाक बाहेर काढून सहाही घरांत करंगळीचं टोक घालून बघते, डोळ्यांवर विसंबत नाही. काडतुसं त्या खोलीत येतच नाहीत. मग ते खिडकीच्या उजेडात तिरकं धरते. स्टेनलेस असेल तर आरपार तोच धातू. वरून खरवडा, आतून कापा, पांढराच. निकेलचं असेल तर ते आतून साधं पोलाद, आपल्या विळ्या-कोयत्यासारखंच गंजणारं, आणि वर निकेलचा मुलामा. तो मुलामा सहसा 10 ते 25 मायक्रॉनचा. डोक्याचा केस साधारण 70 मायक्रॉनचा धरला, तर केसाच्या निम्म्याहूनही पातळ कातडी.

माझ्या लहानपणी मे महिन्यात कल्हईवाला यायचा. अंगणात खड्डा खणून भाता लावायचा, पातेलं निखाऱ्यांवर लाल होईपर्यंत फिरवायचा, चिमूटभर नवसागर टाकला की पांढऱ्या धुराचा लोट उठायचा, आणि त्या धुरातच कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने एक फेर घेतला की पितळेच्या आत चंद्र उगवल्यासारखं व्हायचं. मुलामा म्हणजे काय हे मला तिथे कळलं: एका धातूने दुसऱ्यावर घेतलेलं पांघरूण. फरक एवढाच की कल्हई उडाली तर पुढच्या मे महिन्यात परत लावता येते. निकेल उडालं तर अंगणात बसून काही करता येत नाही.

ओळखायचं कसं? रंगाने. निकेलच्या पांढऱ्यात किंचित पिवळसर ऊब असते, मोगऱ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या फुलासारखी. स्टेनलेस करडं आणि गार, ताज्या बांगड्याच्या पोटासारखं. दोन्ही शेजारी ठेवली की लहान मूलही ओळखेल. एकटं असलं की चकायला होतं. बरेच जण लोहचुंबक घेऊन येतात. घरातलं स्टीलचं ताट चुंबकाला चिकटत नाही, म्हणून चिकटलं की ते स्टेनलेस नाही, असा हिशेब. तो इथे चुकतो. चांगलं ताट असतं 304 जातीच्या स्टीलचं, त्यात 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल. रिव्हॉल्व्हरला उष्णतेने कठीण करता येणारं पोलाद लागतं, म्हणून तिथे 400च्या घरातलं स्टेनलेस वापरतात, क्रोमियम साधारण 12-13 टक्के. ते चुंबकाला चिकटतं. मुलाम्याखालचं साधं पोलादही चिकटतं. चुंबक दोघांनाही सारखाच होकार देतो. त्यापेक्षा कडा बघाव्यात. नळीचं तोंड, चाकाची पुढची धार, मुठीमागचा उंचवटा, जिथे म्यान आणि तळहात घासतात तिथे निकेल आधी विरतं आणि खालचं काळपट पोलाद डोकावतं. दहापट भिंगातून त्या जागेची हद्द दिसते, ओहोटीच्या वेळी पुळणीवर ओल्या वाळूची रेघ दिसते तशी.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते, कारण निकेलविषयी मला जे ठाऊक आहे ते त्या दिवसापासूनचं आहे.

कॉलेज संपवून नुकतीच दुकानात बसायला लागले होते. गणपती चार दिवसांवर आले होते. सकाळी घरी समया, ताम्हन, निरांजनं घासून झाली होती आणि पितळेच्या पॉलिशचा तो नाकात जाणारा अमोनियाचा वास अजून हाताला होता. दुकानात एका आंबा व्यापाऱ्याचं निकेलचं जुनं .32 साफसफाईला आलं होतं. चाकासमोरच्या भागात काजळीचा डाग होता, तेलाने हलत नव्हता. आप्पा बाहेर गेलेले. मी घरून ती पॉलिशची बाटली आणली. दोन हात मारले आणि डाग गेला. खाली निकेल असं लखलखलं की मी उरलेल्या सगळ्या अंगाला ते लावलं, बाजूच्या झाकणपट्टीच्या फटीपाशी जरा जास्तच, आणि ‘मुरू दे’ म्हणून त्याच फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवून दिलं.

सकाळी फडकं उलगडलं तर त्याला निळा डाग. नीळ घातलेल्या पाण्यासारखा, स्वच्छ, गडद निळा. मला वाटलं फडक्याचाच रंग असेल. आप्पांनी ते फडकं उजेडात धरलं, मग रिव्हॉल्व्हर भिंगाखाली घेतलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मला जवळ बोलावून भिंग माझ्या हातात दिलं. झाकणपट्टीच्या कडेला, तिळाएवढा पापुद्रा उचलला गेला होता. खाली तांबूस रंग, त्याखाली पोलाद.

“हा निळा रंग निकेलचा नाही,” ते म्हणाले. “तांब्याचा आहे.”

मुलामा देणारे बरेच जण पोलादावर आधी तांब्याचा थर चढवतात आणि त्यावर निकेल; तांबं पोलादाला नीट धरतं आणि निकेल तांब्याला. निकेलला अमोनिया एका रात्रीत फारसं काही करत नाही. पण जुन्या मुलाम्याला सुईच्या टोकाने टोचल्यासारखी भोकं असतात, डोळ्यांना न दिसणारी. त्यातून अमोनिया खाली उतरतो, तांबं विरघळवतो आणि तांबं त्यात गडद निळं होतं. वरचं निकेल मग हवेत लटकतं, पोपडा धरलेल्या भिंतीच्या रंगासारखं. नळी आतून साफ करायची काही द्रावणंही अमोनियाची असतात, कारण गोळीचं तांबं काढायला तोच उपयोगी पडतो. नळीत ठीक. त्यातला एक थेंब बाहेरच्या निकेलवर ओघळला आणि राहिला, तर तेच होतं.

आप्पांनी त्या व्यापाऱ्याला माझ्यासमोर सगळं सांगितलं. काय लावलं, कोणी लावलं, काय झालं. पैसे घेतले नाहीत. व्यापारी भला होता, म्हणाला, “पोरगी शिकतेय.” तो पापुद्रा आजही त्या रिव्हॉल्व्हरवर आहे, आणि ते दर दोन-तीन वर्षांनी माझ्याकडेच येतं.

तेव्हापासून निकेलसाठी माझी रीत ठरलेली आहे आणि ती अगदी साधी आहे. मुठीच्या लाकडी फळ्या काढायच्या, स्क्रूच्या खाचेत अचूक बसेल असाच स्क्रूड्रायव्हर घ्यायचा. खाच फाकली की कितीही चमकवा, ते रिव्हॉल्व्हर ओरबाडल्यासारखंच दिसतं. पातळ तेल लावून तासभर थांबायचं. मऊ नायलॉनच्या ब्रशने खाचाखोचा हलवायच्या. जुन्या धुतलेल्या सुती धोतराच्या फडक्याने पुसायचं. नव्या कापडात खळ असते. इतकंच करून दहापैकी सात रिव्हॉल्व्हरं उजळतात, कारण जो ‘काळेपणा’ वाटत होता तो जळलेल्या दारूचा आणि जुन्या तेलाचा होता. तरीही धुरकट थर राहिला तर अमोनिया नसलेली, अगदी बारीक कणांची धातूची पेस्ट, वाटाण्याएवढी, बोटाभोवती गुंडाळलेल्या कापडावर. चार हात, पुसून बघायचं, पुन्हा चार. कडांवर बोट आपोआप जास्त दाबतं, आणि निकेल तिथेच सगळ्यात जास्त झिजलेलं असतं, म्हणून कडा मी शेवटी आणि जवळजवळ न दाबता घेते. फडक्यावर काळं येतं ते बघून लोक खूश होतात. ते काळं म्हणजे मळ असतोच, पण थोडं निकेलही असतं.

निकेलखालून गंज वर येत असेल, फुगवटा दिसत असेल, तर घासायचं नाही. तेलाचा थेंब ठेवून द्यायचा, दुसऱ्या दिवशी टिपून घ्यायचा, पुन्हा ठेवायचा. सुटलेल्या पापुद्र्याच्या कडेखाली मेण भरायचं. याहून जास्त हाताने होत नाही.

मग विचारतात, नवीन मुलामा का नाही देत? देता येतो. पण त्यात काय काय जातं ते समजून घ्यावं. जुनं निकेल आधी रसायनात उतरवावं लागतं. मग उघड्या पोलादावरचे खड्डे घासून सपाट करावे लागतात, आणि खरं नुकसान इथे होतं. पॉलिशचं फिरतं चाक धार ओळखत नाही. नळीवरची अक्षरं उथळ होतात, सपाट बाजू फुगीर होतात, स्क्रूच्या भोकांच्या कडा वाटीसारख्या खचतात. त्यावर कितीही सुंदर निकेल चढवलं तरी ते रिव्हॉल्व्हर चोखून बारीक झालेल्या लिमलेटच्या गोळीसारखं दिसतं. 1946 साली ब्रेनर आणि रिडेल या दोन अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांनी विजेशिवाय निकेल चढवण्याची रीत काढली. त्यात कोपऱ्याकोपऱ्यात सारखा थर बसतो, वीजप्रवाहाच्या टाकीत बसतो तसा कडांना जाड आणि खाचेत पातळ नाही. पण घासाई तिथेही चुकत नाही. शिवाय आम्लात आणि टाकीत पोलाद हायड्रोजन पितं आणि ठिसूळ होतं. कठीण केलेल्या पोलादाचा भाग नंतर साधारण 200 अंशांच्या आसपास काही तास भाजून तो हायड्रोजन घालवावा लागतो. घोड्याच्या आणि चापाच्या स्प्रिंगा तर त्या टाकीत जाताच कामा नयेत.

आणि कायदा आहे. 1959च्या शस्त्र कायद्याप्रमाणे शस्त्र दुरुस्त करायलासुद्धा परवाना लागतो, म्हणून गाड्यांच्या सुट्या भागांना मुलामा देणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे ‘जरा बुडवून आण’ म्हणून रिव्हॉल्व्हर देता येत नाही. दिलं तर देणारा आणि घेणारा दोघंही गुन्ह्यात. त्याच कायद्याचं कलम 8 सांगतं की शस्त्रावरचा क्रमांक किंवा ओळखीची खूण पुसणं, काढणं, बदलणं मनाई आहे. घासता घासता क्रमांक फिका झाला तरी तो फिकाच झाला, हेतू काय होता ते नंतर कोण ऐकणार? मी कोणतंही काम हातात घेतलं की पहिल्यांदा क्रमांकावर कागदी चिकटपट्टी लावते. मग बाकीचं.

स्टेनलेसचं मात्र दुखणं वेगळं, आणि तिथे हात थोडा मोकळा चालतो.

स्टेनलेसची गोष्ट मला फार आवडते. 1913 साली इंग्लंडात शेफील्डला हॅरी ब्रेअर्ली बंदुकीच्या नळ्यांसाठी पोलाद शोधत होता, उष्णतेने आतून लवकर झिजणार नाही असं. क्रोमियम घातलेलं एक पोलाद हाती लागलं, त्याला आम्ल लागेना, गंज लागेना. ते गेलं कुठे, तर जेवणाच्या सुऱ्यांत. नळीसाठी निघालेला धातू स्वयंपाकघरात गेला, आणि आख्खं स्टेनलेसचं पहिलं रिव्हॉल्व्हर यायला 1965 उजाडलं: स्मिथ अँड वेसनचं मॉडेल 60. मधल्या काळात ज्याला घामाची आणि दमट हवेची भीती होती त्याने निकेलच घ्यायचं.

पण ‘स्टेनलेस’ या शब्दावर कोकणात विसंबू नये. क्रोमियम 10.5 टक्क्यांच्या वर गेलं की हवेतला ऑक्सिजन घेऊन ते पृष्ठभागावर एक पडदा धरतं, काही नॅनोमीटरचा, आणि ओरखडा गेला तरी तो पडदा आपोआप पुन्हा धरतो. या पडद्याचा वैरी म्हणजे मिठातलं क्लोराइड. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं, आणि लाट फुटते तेव्हा त्याचे कण वाऱ्यावर चढून आमच्या कपाटांपर्यंत येतात. क्लोराइड पडद्याला एखाद्या बिंदूत भेदतं, आणि भेदलं की तिथेच खोल जातं. वरून टाचणीच्या टोकाएवढा तांबडा ठिपका, खाली विहीर. म्हणून मुठीच्या लाकडाखाली बघावं. घाम आणि ओल तिथे अडकते, हवा लागत नाही, पडदा पुन्हा धरायला ऑक्सिजन मिळत नाही. बाहेरून आरशासारखी आणि फळ्या काढल्यावर देवीच्या व्रणांसारखी, अशी रिव्हॉल्व्हरं मी पाहिली आहेत.

गेल्या वर्षी गुहागरकडचं एक आलं. मालकाने ठिपके घालवायला घरातली तारेची घासणी घेतली होती. ठिपके गेले. पंधरा दिवसांत आख्ख्या नळीवर तांबूस झाक, आधी नव्हती तिथेही. साध्या लोखंडी तारेचे सूक्ष्म कण स्टेनलेसमध्ये रुतून बसतात आणि मग ते गंजतात. गंज स्टेनलेसचा नसतो, पाहुण्याचा असतो. मी ते पातळ तेलात भिजवून ब्राँझच्या बारीक लोकरीने उतरवलं. पण ओरखडे राहिले, आडवेतिडवे. कारखान्यातून येताना त्या धातूला एका दिशेचे बारीक समांतर पट्टे असतात, नळीच्या लांबीने जाणारे. डोळा त्यालाच गुळगुळीतपणा समजतो. एक पट्टा आडवा गेला की तो अंधारातही दिसेल.

हे काम मला आवडतं. सपाट बाजूला सागाच्या पट्टीवर ताणलेला 400 नंबरचा पॉलिशपेपर, तेलात ओला. नळीच्या तोंडाकडून मागे, त्याच दिशेने, हात उचलायचा आणि पुन्हा सुरुवातीला न्यायचा. पुढे-मागे चोळलं की टोकाला हात वळतो आणि तिथे चंद्रकोरी उमटतात. कागदाखाली नुसतं बोट असेल तर बोट मऊ, ते खाच पाडतं. पट्टी सपाटपणा राखते. खोल ओरखडा पूर्ण जाईपर्यंत मी घासत बसत नाही. मी त्याच्या आधीच थांबते. त्याच्या कडा मऊ झाल्या, उजेड त्यावर अडायचा बंद झाला, की पुरे. मग 600. मग करड्या रंगाची न विणलेली घासपट्टी, हलक्या हाताने, लांबच लांब एकच हात. भांड्यांची हिरवी घासणी दिसायला त्याच जातीची, पण ती भरड, ती इथे नको. अक्षरांवर पट्टी चिकटवलेली असतेच, तिच्या कडेशी हात जास्त हळू. एका बाजूला तीन तास गेले. शेवटी तेल पुसून खिडकीशी धरलं तेव्हा नळीवरून उजेडाची एकच सरळ रेघ धावली, मध्ये कुठे न अडखळता.

चाकाच्या पुढच्या तोंडावर प्रत्येक घराभोवती काळं कडं असतं. जुनं रिव्हॉल्व्हर विकायला काढणाऱ्यांना ते कडं डोळ्यात खुपतं. स्टेनलेसवर ते खास कापडाने निघतं, निकेलवर तसलं कापड मुलामाच खाईल. मी तर स्टेनलेसवरही सहसा काढत नाही. पहिल्या गोळीला ते परत येणार आहे, आणि दरवेळी घासून चाक आणि नळी यांच्यातलं अंतर वाढवण्यात काय मिळवायचं? त्या काजळीत शिसं असतं, म्हणून त्या कामानंतर हात साबणाने धुतल्याशिवाय चहासुद्धा घ्यायचा नाही, हा आप्पांचा नियम मी पाळते. चाकाभोवती फिरलेली बारीक रेघही तशीच राहू द्यावी. ती झीज आहे, आजार नाही.

काही गोष्टी मात्र हात जोडून सांगते. खोबरेल लावू नका. आपल्याकडे घराघरात ते आहे आणि बंदुकीलाही लावतात. काही महिन्यांत ते खवट होतं, म्हणजे त्यात आम्ल तयार होतं, धूळ धरतं, आणि 24 अंशांच्या खाली गेलं की थिजून फटीत बसतं. शिवणयंत्राचं तेल घ्या. तांब्याचा बंब उजळतो म्हणून कोकमाचं आगळ, चिंच, मीठ यातलं काही रिव्हॉल्व्हरजवळ आणू नका. आम्ल आणि क्लोराइड एकत्र, याहून वाईट जोडी नाही. आणि चामड्याच्या म्यानात ठेवून कपाट बंद करू नका. चामडं कमावताना वापरलेली आम्लं आणि क्षार त्यात राहतात, पावसाळ्यात ते ओल ओढतं, आणि म्यानाच्या आकाराचाच डाग धातूवर उमटतो. म्यान फक्त नेण्यापुरतं.

आचारसंहिता लागली की अनेकांना परवान्याची हत्यारं जमा करावी लागतात. सुरक्षेसाठी ते असावं, माझी तक्रार नाही. पण एकदा ऐन पावसात जमा झालेलं एक निकेलचं रिव्हॉल्व्हर दोन महिन्यांनी परत आलं ते ओल्या गोणपाटात, वर नावाची चिठ्ठी रबराने करकचून बांधलेली. रबराखाली काळी पट्टी, गोणपाटाच्या विणीची जाळी नळीवर उमटलेली. ती जाळी गेली नाही. आता कोणी जमा करायला निघालं की मी आधी बोलावून घेते, तेल लावते, मेण लावते, मेणकागदात गुंडाळून सिलिका जेलच्या दोन पुड्या घालून देते आणि त्याचे पैसे लावत नाही.

मेणाचं सांगायचं राहिलं. तेल वाहून जातं, मेण राहतं. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत जुन्या वस्तू राखण्यासाठी एक अतिसूक्ष्म स्फटिकांचं मेण तयार झालं, ते मी निकेलला लावते. अगदी पुसट थर, सुकू द्यायचा, फडक्याने उजळायचा. गाडीचं साधं कार्नुबा मेणही चालतं, घासणारी पावडर नसलेलं.

देवगडच्या एका बागायतदाराचं निकेलचं रिव्हॉल्व्हर आमच्याकडे तीन वर्षं जमा होतं. बागायतदार वारले, आणि मुलाच्या नावाने परवाना होईपर्यंत कायद्याप्रमाणे ते परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवता येतं. दर पावसाच्या आधी, मध्ये आणि नंतर मी ते पुसून ठेवायची. घोड्याच्या मागे डाव्या अंगाला, जिथे अंगठा टेकतो, तिथे चिंचोक्याएवढं निकेल उडालेलं. कोणी कुठे आपटून गेलेलं नव्हतं; कडा इतक्या मऊ होत्या की बोटाला कळत नव्हत्या. वर्षानुवर्षं एकच अंगठा तिथे टेकून विरलं होतं. खालचं पोलाद तपकिरी झालेलं, पण गुळगुळीत तपकिरी, पापुद्रे नसलेलं.

परवाना घेऊन मुलगा आला. पन्नाशीचा, हातावर आंब्याच्या चिकाचे डाग. मी त्याला दोन्ही मार्ग सांगितले: मुंबईला परवानाधारक कारागिराकडे पाठवून नवं निकेल, किंवा आहे तसं राखणं. त्याने टेबलावरचं रिव्हॉल्व्हर उचललं नाही, नुसतं बघत राहिला.

“माका ता चकचकीत नको,” तो म्हणाला. “बापाशीच्या हातात होता तसाच होया.”

मी अर्धा दिवस घेतला. फळ्या काढल्या, आत हिरवट चिकटा होता तो काडीला कापूस गुंडाळून टिपला. नळीवरचं धुरकट निकेल चार-चार हातांनी उजळलं, अक्षरांजवळ थांबत. त्या चिंचोक्याएवढ्या जागेला पेस्ट लावली नाही. तेल ठेवलं, टिपलं, पुन्हा ठेवलं, सैल गंज फडक्यावर आला तेवढा येऊ दिला आणि तपकिरी तशीच राखली. वर तीनदा मेण. पोलाद तिथे उघडं आहे, म्हणून ती जागा त्याने दर महिन्याला बघायची, हे त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

नोंदवहीत क्रमांक वाचून लिहिला, परवान्यावरच्या क्रमांकाशी ताडला, ‘बाह्य साफसफाई’ अशी नोंद केली, त्याची सही घेतली. मग त्याने ते पहिल्यांदा हातात घेतलं. चाक बाहेर काढून रिकामी घरं बघितली, मिटवलं, आणि अंगठा न शोधताच त्या जागेवर जाऊन बसला. बसला तो बराच वेळ. बाहेर पावसाची सर येऊन गेली, पन्हळीतून पाणी पडत राहिलं.

त्याने ते टेबलावर ठेवलं तेव्हा त्या जागी अंगठ्याचा ओला ठसा होता, रेघा मोजता येतील इतका स्पष्ट. घामात मीठ असतं. मी तेलाचं फडकं घेतलं, तो बघत असतानाच ठसा हळू पुसून घेतला, आणि रिव्हॉल्व्हर मेणकागदात गुंडाळून त्याच्या हातात दिलं.